नाशिक जिल्ह्यात विक्रीचा दुकानगाळा पाहताना

वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींत विक्रीच्या गाळ्याचे वर्णन चार गोष्टींत आटोपते : किती चौरस फूट, कोणता रस्ता, किती किंमत आणि जमल्यास ‘चालू भाडेकरूसह’. या चारही गोष्टी पाहाव्याच लागतात. परंतु पुढची पंधरा-वीस वर्षे त्या गाळ्याला भाडे मिळणार की नाही हे ज्या गोष्टीवर ठरते, ती जाहिरातीत नसते. शटरसमोरून जाणाऱ्या माणसाच्या खिशात पैसा कुठून येतो, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत येतो आणि अडला तर कशामुळे अडतो, हे विक्रेता सांगत नाही. बहुधा त्याने स्वतःही तसा विचार केलेला नसतो. तो विचार खरेदीदाराने कसा करावा, त्यासाठी कुठे चौकशी करावी आणि मग कागदपत्रांकडे कसे वळावे, हे येथे नाशिक जिल्ह्याच्या आधाराने मांडले आहे. नाशिक निवडण्याचे कारण असे की, शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरात येथे एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या चार प्रकारच्या कमाया नांदतात : कांद्याची, द्राक्षाची, कारखान्याच्या पगाराची आणि यात्रेकरूंची. दोन गाळ्यांचे चौरस फूट आणि दर सारखे असले, तरी त्यांच्यामागची कमाई वेगळी असेल तर ती दोन वेगळी खरेदी समजावी.

आधी कमाई ओळखावी

लासलगावच्या बाजार समितीजवळ, विंचूरमध्ये किंवा निफाडच्या मुख्य रस्त्यावर गाळा पाहायला गेलेल्या माणसाला शेजारचा दुकानदार ‘कांद्याला भाव असला की इथे उभे राहायला जागा नसते’ असे सांगतो. ते खरे आहे. परंतु या वाक्याचा दुसरा अर्धा भाग स्वतः शोधावा लागतो. लाल कांदा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात येऊ लागतो, उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत साठवून पुढे दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकला जातो. म्हणजे आवक जवळजवळ वर्षभर असते, पण भाव मात्र शेतकऱ्याच्याही हातात नसतो आणि व्यापाऱ्याच्याही. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंद पडले. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव थांबवले. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली निर्यात करता येत नाही असा भाव) आले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले.

ही तारखांची यादी गाळा घेणाऱ्याने पाठ करावी असे नाही, परंतु तिचा एक अतिशय व्यावहारिक उपयोग आहे. कांदापट्ट्यातील गाळ्यात भाडेकरू असेल, तर त्याच्याकडून किंवा विक्रेत्यामार्फत २०२३-२४ या आर्थिक वर्षातील भाडे बँकेत कोणत्या तारखांना जमा झाले याचा उतारा मागावा. इतर वर्षांचा उतारा फारसे काही सांगत नाही. चांगल्या वर्षी सगळेच वेळेवर भाडे देतात. लिलाव बंद असलेल्या आठवड्यांत आणि भाव पडलेल्या महिन्यांत ज्या भाडेकरूने भाडे थकवले नाही, त्याचा धंदा एकाच पिकावर उभा नाही असे मानायला जागा आहे. औषधांचे दुकान, किराणा, दवाखाना, बँकेची शाखा या गोष्टी अशा काळातही तग धरतात. ट्रॅक्टरचे सुटे भाग, मोबाइल, फर्निचर आणि काही अंशी सोने-चांदी यांची खरेदी मात्र शेतकरी सर्वप्रथम पुढे ढकलतो. खते-बियाण्यांच्या दुकानाचे आणखी वेगळे असते : विक्री होते, पण उधारीवर, आणि उधारी वसूल होईपर्यंत दुकानदार घरमालकाचे भाडे लांबवत राहतो.

पिंपळगाव बसवंत, ओझर आणि दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षाचे वेळापत्रक निराळे आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, माल जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतो, आणि मधल्या काळात बागाईतदाराचा पैसा औषधफवारणी आणि मजुरी यांत सतत बाहेर जात असतो. त्यामुळे येथील बाजारात दोन हंगाम दिसतात : हिवाळ्याच्या आधी शेतीसाहित्याचा, आणि उन्हाळ्यात, पैसे हातात आल्यावर, लग्न, वाहन आणि बांधकाम यांचा. या दोहोंच्या मध्ये निसर्ग उभा असतो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड तालुक्यातील बागा काही मिनिटांत झोडपल्या आणि त्या भागातल्या अनेक घरांची पुढच्या उन्हाळ्यातील खरेदी त्या दुपारीच संपली. पिंपळगावचा गाळा पाहताना हाही विचार करावा की, द्राक्षासोबत टोमॅटोची बाजारपेठही तेथे आहे, आणि टोमॅटोचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात येत असल्याने वर्षातला एक कोरडा काळ भरून निघतो. एकाच पिकाच्या गावापेक्षा दोन पिकांच्या गावातील गाळ्याला थोडी जास्त किंमत देणे मला रास्त वाटते.

सातपूर, अंबड, सिडको, पाथर्डी फाटा आणि नाशिकरोड येथे पैसा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी येतो. सातपूरला वाहनउद्योग आणि त्याचे सुटे भाग करणारे छोटे कारखाने, अंबडला विजेची उपकरणे आणि धातुकाम, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानकारखाना, नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना. अशा वस्तीतील गाळ्याला पावसाची भीती नसते; भीती असते ती कायम कामगारांची जागा कंत्राटी कामगार घेत जाण्याची. नोकरांची संख्या तीच राहते, परंतु पगारपत्रकाची बेरीज कमी होते आणि ती प्रथम हॉटेल, कपडे आणि कोचिंग क्लास यांच्या गल्ल्यात जाणवते. डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या कारखान्यांभोवती गाळा घेणाऱ्याने विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या वाढीचा विचार आजच करावा. ओझरच्या बाबतीत कारखान्याकडे किती वर्षांचे काम आहे ही एकच गोष्ट महत्त्वाची असते. सुखोई लढाऊ विमानांची मुख्य मागणी संपत आली तेव्हा तेथे चिंता होती, आणि पुढे आणखी १२ सुखोईंची मागणी व तेजस विमानांची जुळणी नाशिकला आल्यावर ती ओसरली. ही माहिती गुप्त नाही, संरक्षण मंत्रालयाच्या घोषणांत आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात ती असते. चहाच्या टपरीवर ती अधिक लवकर मिळते हे मात्र मान्य केले पाहिजे.

या चार कमायांबाहेरच्या मालेगावची गोष्ट यंत्रमागाच्या कापडाचा भाव, सुताचा भाव आणि वीजदर या तीन आकड्यांवर चालते. तेथील गाळ्याविषयी स्थानिक माणसाशिवाय निर्णय घेऊ नये, एवढेच येथे सांगतो.

राहिली पंचवटी, रामकुंडाचा परिसर आणि त्र्यंबकेश्वर. यात्रेकरूंची कमाई श्रावण, सुट्ट्या आणि शनिवार-रविवार यांवर चालते आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थात, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्यात, फुगते. मागील सिंहस्थ २०१५ चा होता; या खेपेच्या पर्वाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून प्रमुख अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. सिंहस्थाच्या नावाने किंमत वाढवून मागणारा विक्रेता एक हिशेब लपवत असतो : प्रमुख स्नानांच्या दिवसांत पोलीस बंदोबस्तामुळे घाटाजवळच्या गल्ल्यांत माणसांचा प्रवाह एका दिशेने ढकलला जातो, थांबून खरेदी करायला त्याला जागाच नसते, आणि कित्येक दुकाने ऐन पर्वणीला बंद असतात. जो लाभ होतो तो काही महिन्यांचा असतो. तो बारा वर्षांवर वाटून मगच किमतीत धरावा.

चौकशीची पद्धत

वर सांगितलेली माहिती कागदावर मिळते तशी रस्त्यावरही मिळवावी लागते. विक्रेता गाळा दाखवायला बोलावतो ती वेळ त्याच्या सोयीची असते, म्हणून त्याला न सांगता किमान तीन वेळा जावे : आठवडे बाजाराच्या दिवशी, बाजार समिती बंद असलेल्या दिवशी, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर एखाद्या संध्याकाळी, जेव्हा पगारी माणसाचा खिसा रिकामा झालेला असतो. समोरून किती माणसे गेली यापेक्षा किती थांबली आणि किती पिशवी घेऊन बाहेर पडली ते मोजावे. महामार्गालगत वाहने पुष्कळ जातात, परंतु शहरातील उड्डाणपूल झाल्यापासून मुंबई-आग्रा मार्गावरची लांब पल्ल्याची वाहतूक डोक्यावरून निघून जाते, आणि द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यात खालच्या गाळ्यांना मिळतो तो बहुतेक स्थानिक ग्राहकच, तोही गाडी कुठे लावू या विवंचनेत असलेला.

दोन्ही बाजूंच्या शंभर-शंभर मीटरमधील बंद शटर मोजावेत आणि त्यांपैकी किती एका वर्षाहून अधिक काळ बंद आहेत ते पानवाल्याला विचारावे. चालू दुकानांत गेल्या तीन वर्षांत किती पाट्या बदलल्या, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पाट्या वारंवार बदलणाऱ्या रांगेत भाडे बाजारभावापेक्षा चढे असते. नवा माणूस हौसेने येतो, अनामत गमावतो आणि जातो. विक्रेत्याने दाखवलेले भाडे खरे आहे का हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. शेजारच्या गाळ्यांचे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि विक्रीचे व्यवहार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील सूची क्रमांक २ (इंडेक्स-२, नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) मध्ये शोधता येतात. विक्रीपूर्वी दोन-चार महिने ओळखीच्या माणसाला चढ्या भाड्याने बसवून त्या भाड्यावर किंमत मागण्याची युक्ती जुनी आहे. करार नवा, अनामत नाममात्र आणि मुदतीपूर्वी सोडण्यावर कोणतेही बंधन नाही, असे तीनही योग एकत्र दिसले तर ते भाडे हिशेबात धरू नये.

होऊ घातलेल्या प्रकल्पांची किंमत

‘येथून मेट्रो जाणार आहे’ हे वाक्य नाशिकमध्ये अनेक वर्षांपासून गाळे विकत आहे. टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओसाठी २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांचा केंद्राचा वाटा जाहीर झाला होता. त्या घोषणेच्या आधारे ज्यांनी मार्गालगतच्या गाळ्यांना जादा किंमत दिली ते अजून पहिल्या खांबाची वाट पाहत आहेत. नाशिक-पुणे रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीमुळे नव्याने ठरवावा लागला, आणि आधीच्या आखणीवर विसंबून सौदे करणाऱ्यांची पंचाईत झाली. सिन्नर तालुक्यात १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प पूर्ण उभा राहूनही वर्षानुवर्षे चालला नाही. कारखाना उभा राहणे आणि तो चालणे यांतला फरक त्या भागात गाळे घेऊन बसलेल्यांना चांगला कळला आहे.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण याहून बोधक आहे, कारण तो झाला. इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. परंतु हा प्रवेशनियंत्रित रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. ‘समृद्धीला लागून’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जागेवरून गाड्या दिसतात, पण त्यांतली एकही तेथे वळू शकत नाही. सिन्नरजवळ गोंदे आणि इगतपुरी तालुक्यात भरवीर येथे चढण्या-उतरण्याची सोय असल्याने, त्या ठिकाणांपासून पाच-सात किलोमीटरच्या टप्प्यात गोदामाला अर्थ आहे. त्यापलीकडे जागेची किंमत महामार्ग नसल्यासारखीच धरावी.

माझा नियम असा आहे : ज्या प्रकल्पाची निविदा निघाली नाही त्याला शून्य किंमत, ज्याचे काम चालू आहे त्याच्यासाठी फार तर दहा टक्के, आणि काम चालू असताना रस्ता खणला जाऊन ग्राहक तुटेल त्या दीड-दोन वर्षांचे भाडे किमतीतून वजा.

पाणी, रस्ता आणि नकाशा

गोदावरीला पूर आला की शहरात पाणी किती चढले हे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजण्याची नाशिककरांची पद्धत आहे. गाळा घेणाऱ्याने तीच पद्धत वापरून सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल परिसरातील शेजाऱ्यांना विचारावे की २०१६ आणि २०१९ च्या पुरात मारुती कुठपर्यंत बुडाला होता आणि तेव्हा या गाळ्यात पाणी किती होते. २००८ च्या पुरानंतर आखलेल्या निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषा विकास आराखड्याच्या भाग नकाशावर दिसतात. निळ्या रेषेच्या आतील जुनी इमारत आज उभी असली तरी ती पाडून नवी बांधताना काय परवानगी मिळेल, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिची खरी किंमत त्यावर ठरते. भाग नकाशा आणि झोन दाखला महापालिकेच्या नगररचना विभागाकडून घ्यावा व रस्तारुंदीकरणाची रेषा गाळ्याच्या नेमकी कुठून जाते ते आखणी करून पाहावे. सिंहस्थाच्या कामांमुळे हा प्रश्न आता केवळ कागदावरचा राहिलेला नाही.

मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष गाळा पडताळणे हे काम बहुतेक खरेदीदार टाळतात. नकाशात वाहनतळ असलेल्या जागेचा गाळा झालेला असतो, साठवणीसाठी मंजूर तळघरात दुकान चालते, पोटमाळा पहिल्या मजल्याच्या दराने विकला जातो आणि समोरच्या सामासिक जागेत, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, फरशी घालून माल मांडलेला असतो. शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. दुकानाची निम्मी विक्री त्या मोकळ्या जागेतल्या मांडणीवर चालत असेल, तर अतिक्रमण विभागाची गाडी एकदा आली की भाडेकरू भाडे कमी करून मागतो. सिडकोच्या जुन्या घरकुल योजनांत घराच्या पुढच्या खोलीचे दुकान झालेले जागोजागी दिसते; ते कागदोपत्री निवासी आहे का आणि सिडकोच्या भाडेपट्ट्यात वापराविषयी काय अट आहे, हे वाचल्याशिवाय त्याला दुकानगाळा म्हणू नये.

आकड्यांची मांडणी

समजा, कॉलेज रोडच्या आतल्या बाजूस ३०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या गाळ्याला ६० लाख रुपये मागितले आहेत आणि भाडे महिना २८,००० रुपये आहे. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह ६ टक्के धरल्यास ३ लाख ६० हजार होते; नेमका दर नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातून पडताळावा. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. महिला खरेदीदारांना मिळणारी मुद्रांक शुल्काची एक टक्क्याची सवलत निवासी मिळकतीपुरती आहे, गाळ्याला नाही. दलाली, वकील, वीजमीटर, किरकोळ दुरुस्ती मिळून १ लाख १० हजार. म्हणजे हातातून ६५ लाख जातात. वर्षात सरासरी एक महिना गाळा रिकामा राहील असे धरून अकरा महिन्यांचे भाडे ३ लाख ८ हजार. त्यातून मिळकतकर व देखभाल ३८ हजार वजा करता २ लाख ७० हजार उरतात. हा परतावा सुमारे ४.१५ टक्के आहे. याच गाळ्यासाठी ४० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी काढले, तर पहिल्याच वर्षीचे व्याज ४ लाखांच्या घरात जाते आणि भाडे त्याला पुरत नाही.

या हिशेबाने सौदा लगेच सोडून द्यावा असे होत नाही, पण बोलणी कुठून सुरू करावीत ते कळते. सहा टक्के निव्वळ परतावा हवा असेल, तर सर्व खर्च धरून ४५ लाखांच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे गाळ्याची किंमत ४१ लाखांच्या आसपास यायला हवी. विक्रेता तेथपर्यंत येणार नाही हे उघड आहे. मग मधले १९ लाख आपण कशासाठी देत आहोत, याचे उत्तर खरेदीदाराने स्वतःला एका वाक्यात देता आले पाहिजे. ‘भाव वाढतील’ हे ते उत्तर असेल, तर तो भाव वर सांगितलेल्या चार कमायांपैकी कोणत्या कमाईतून वाढणार तेही सांगता आले पाहिजे. दराची तुलना करताना चटईक्षेत्रावरच करावी; बिल्टअप (भिंतींसह क्षेत्र) आणि सेलेबल (सामाईक जागेचा वाटा धरलेले क्षेत्र) या शब्दांत तीस-चाळीस टक्के सहज मुरतात.

मिळकतकराच्या बाबतीत नाशिकची एक खोच आहे. २०१८ मध्ये महापालिकेने नव्या मिळकतींसाठी करआकारणीचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले, त्यामुळे त्याआधी नोंद झालेला गाळा आणि त्यानंतरचा गाळा समोरासमोर असूनही त्यांच्या घरपट्टीत मोठे अंतर असू शकते. शेजाऱ्याच्या पावतीवरून अंदाज बांधू नये.

कागदपत्रे

गाळ्याच्या मालकीचा प्रकार आधी ओळखावा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते. नाशिकच्या बहुतेक इमारती अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या असल्याने तेथे घोषणापत्र (संपूर्ण इमारतीचा नोंदणीकृत दस्त) आणि डीड ऑफ अपार्टमेंट (त्या गाळ्याचा मालकीदस्त) पाहावे लागते. गाळ्यांना समोरची जागा, गच्ची किंवा पाट्या लावण्याचा हक्क आहे की नाही ते घोषणापत्रात असते, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनात नाही. एमआयडीसीतील (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतील) शेड ही मालकीची नसते, तो ९५ वर्षांचा भाडेपट्टा असतो. त्यातली किती वर्षे उरली ते मोजावे, हस्तांतरणासाठी महामंडळाची परवानगी आणि त्याचे शुल्क कोण भरणार ते साठेखतात लिहून घ्यावे. रविवार कारंजा, मेन रोड परिसरातील कित्येक जुने गाळे पागडीचे आहेत. तेथे विकत मिळतो तो भाडेकरूचा हक्क, जमीन नव्हे, आणि घरमालकाच्या लेखी संमतीविना तो व्यवहार उभा राहत नाही. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरात जमीन देवस्थान इनामाची किंवा सार्वजनिक न्यासाची आहे का हे प्रथम पाहावे. सक्षम अधिकाऱ्याच्या किंवा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय अशी विक्री टिकत नाही. तालुक्याच्या गावात सात-बारा उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन) असा शेरा असेल, तरी हीच सावधगिरी बाळगावी, आणि ‘बिनशेती होणारच आहे’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

त्यानंतर वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल, मिळकत पत्रिका किंवा सात-बारा आणि त्यावरील फेरफार, पूर्वीची सर्व खरेदीखते, भोगवटा दाखला, मिळकतकर व देखभाल यांच्या थकबाकी नसल्याचे दाखले, आणि कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे पत्र घ्यावे. बांधकाम चालू असलेल्या संकुलात महारेराची (बांधकाम प्रकल्पांवरील राज्याच्या नियामक प्राधिकरणाची) नोंदणी आणि तेथे जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख पाहावी. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देण्याचा खर्च किरकोळ असतो, तो वाचवू नये. विजेच्या थकबाकीकडे दुर्लक्ष करू नये. आधीच्या ग्राहकाची थकबाकी त्या जागेच्या नव्या खरेदीदाराकडून वसूल करण्याच्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवले आहे. मंजूर वीजभार किती आणि मीटर व्यापारी दराचे आहे का हेही तेव्हाच तपासावे. अग्निसुरक्षेची यंत्रणा असलेल्या संकुलात दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते व्यवस्थापनाकडे नसेल, तर इमारतीची देखभाल कशी चालते त्याचा अंदाज आलाच.

भाडेकरूसह गाळा घेताना त्याचा करार नोंदणीकृत असल्याची खात्री करावी. भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो तसा नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अनामत विक्रेत्याकडून किमतीतून वजा करून घ्यावी. ती परत देण्याची जबाबदारी खरेदीनंतर आपल्यावर येते. भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत आणि आपण नोंदणी नसलेले असू, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरील १८ टक्के कर बहुधा त्यालाच भरावा लागतो, कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठोक दराने कर भरणारा) भाडेकरू वगळून. भाडे ठरवताना तो याचा उल्लेख करणारच.

इसार ते ताबा

इसार देताना रक्कम लहान आणि अटी स्पष्ट असाव्यात : शोध अहवालात दोष निघाल्यास इसार किती दिवसांत परत, भाडेकरूसह की रिकामा ताबा, थकबाकी कोणत्या तारखेपर्यंत कोणाची. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये, कायदाच तशी मनाई करतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून सरकारजमा करायचा असतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर कपातीचा नियम निराळा आणि दर बराच मोठा असतो, म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या वारसांकडून गाळा घेताना आधी कर सल्लागाराकडे जावे. रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले) मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर फरकावर दोघांनाही आयकर लागू शकतो. बांधकाम चालू असताना घेतल्यास जीएसटी लागतो. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर संपूर्ण रक्कम दिल्यास लागत नाही.

बोलण्यांचा काळही निवडता येतो. कांदापट्ट्यातील गाळे भाव पडलेल्या हंगामानंतर विक्रीला येतात, कारण अनेक गाळे व्यापाऱ्यांच्याच मालकीचे असतात आणि खळ्यात अडकलेला पैसा सोडवण्यासाठी ते मिळकत काढतात. अशा वेळी विक्रेत्याला किमतीपेक्षा वेळेची निकड अधिक असते, आणि तीन आठवड्यांत खरेदीखत करण्याची तयारी असलेल्या खरेदीदाराला तो दोन-चार लाख सोडतो. द्राक्षपट्ट्यात उलट, एप्रिल-मेमध्ये पैसा हातात असलेले बागाईतदार स्वतःच खरेदीदार म्हणून उतरतात, म्हणून तेथे पावसाळ्यात बोलणी करणे सोयीचे.

खरेदीखताच्या दिवशी ताबापावती, किल्ल्या, मूळ कागदपत्रांची यादी आणि भाडेकरूला दिलेले मालकबदलाचे पत्र यांवर सही घेऊनच निबंधक कार्यालयातून निघावे. त्याच आठवड्यात मिळकतकर, वीजजोडणी, पाणीपट्टी आणि अपार्टमेंटचे दप्तर या चार ठिकाणी नाव लावण्याचे अर्ज द्यावेत व पोच घ्यावी. मिळकत पत्रिकेवरील किंवा सात-बारावरील नोंदीला वेळ लागतो, म्हणून महिन्याभराने तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात जाऊन फेरफार मंजूर झाला का ते पाहून यावे.